आत्तींचे देव कोण घेणार

लग्न होऊन घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी सासूबाईंना सांगून टाकलं, की मला पूजा जमणार नाही. जमणार नाही म्हणजे येत नाही असं नव्हे, माझा देवावर विश्वासच नाही. आमच्या बेळगाव-निपाणीकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्ती तेव्हा देवघरापुढं बसून चिंचेनं ताम्हण घासत होत्या. मला वाटलं, आता महाभारत होणार. मी तयारीतच होते. माझे वडील गावातले नामांकित नास्तिक. सत्यनारायणाचं बोलावणं आलं की जायचे, प्रसादाचा शिरा मागून खायचे आणि भटजींशी वाद घालून घरी यायचे. त्यांचीच मी मुलगी, मला भांडायला निमित्त लागत नसे.

आत्तींनी मान वर केली, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "मग करू नको. खोटं हात जोडलेलं कळतंय गं. देवाचं मला ठाऊक न्हाई, पण मला कळतंय. फुलं तेवढी आणून दे."

झालं. मी रात्रभर जुळवलेले सगळे मुद्दे जागच्या जागी राहिले. फुलं आणायला नाही कशाला म्हणायचं?

तेव्हापासून रोज सकाळी बंगळुरात, येलहंक्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवाल्या अक्काकडून मी फुलं आणायला लागले. बंगळुरात माळ मोळावर मिळते. अक्का कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माळ धरून मोजते, तो एक मोळ. मी उंच, अक्का बुटकी, म्हणून मी कायम म्हणायची, माझ्या हातानं मोज. ती म्हणायची, "स्वल्प जास्त घाल्ते, जा." घरी येऊन मी देवघराच्या उंबऱ्यावर पुडी ठेवायची आणि ओरडायची, "आत्ती, फुलं आणलीत." आतून आवाज यायचा, "ठेव की." तीस-बत्तीस वर्षं आमचा धार्मिक व्यवहार एवढाच होता, आणि खरं सांगते, कुठल्याच सासूसुनेचा इतका चोख व्यवहार मी पाहिलेला नाही. आत्तींनी मला एकदाही 'नमस्कार तरी कर' म्हटलं नाही. मीही त्यांना एकदाही 'कशाला हे सगळं' म्हटलं नाही. बाकी कशावरूनही आम्ही भांडलो. आमटीत गूळ किती घालायचा यावरून तर आठवडाभर अबोला असायचा.

आत्तींचे देव म्हणजे मूर्ती नव्हेत, टाक. तळहातात मावेल एवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेला देव. मधे खंडोबा, त्याच्या एका बाजूला भवानी, दुसरीकडं जोतिबा आणि रेणुका. आणि कडेला घरचे पूर्वज. आमच्या घरात रीतच अशी, की वडीलधारं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करून देवात बसवायचा. मेलं की देवघरात बदली! सासरे नोकरीसाठी निपाणी सोडून येलहंक्याला आले, इथंच घर बांधलं, इथंच गेले, आणि गेल्यावर तेही टाक होऊन देवघरात बसले. फेटा, धोतर, हातात काठी. सासऱ्यांनी जन्मात फेटा बांधला नव्हता, पण सोनाराकडचा साचा तसाच होता.

रोजच्या घासण्यापुसण्यानं जुन्या टाकांचे चेहरे पार झिजले होते. खंडोबाही घोड्यावर, जोतिबाही घोड्यावर, आणि दोघांचीही नाकं गेलेली. कोण कुठला हे आम्हाला सांगता आलं नसतं. आत्ती नुसता अंगठा फिरवून सांगायच्या.

घरात मानणाऱ्या त्या एकट्याच. मी तर जाहीरच. नवऱ्याचं न मानणं माझ्यासारखं भांडखोर नव्हतं, ते त्याचं नुसतं राहून गेलं होतं. कारखान्यातल्या पाळ्या, मग बढती, मग डोक्याला शंभर कामं, त्यात देव कधी मागं पडला त्यालाही कळलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "आई करते ना आपल्या सगळ्यांचं." जणू वीजबिल भरल्यासारखं एकानं भरलं की घरभर उजेड. आणि लेकीचा प्रश्नच नव्हता. तिला आम्ही काही शिकवलंच नाही, ना हे ना ते. आजीच्या मांडीवर बसून ती प्रसादाचं खोबरं खायची आणि माझ्या मांडीवर बसून पाढे म्हणायची. मोठी झाली आणि सर्जापूर रोडला नोकरीसाठी राहायला गेली, तर तिथं तिच्यासारख्याच सगळ्या.

माझ्या वडिलांच्या काळात देव न मानणारा माणूस गावात एखादा. लोक बोट दाखवायचे. वडिलांना त्याचा त्रास व्हायचा आणि, खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटायची. आता बघते तर लेकीच्या वयाची कितीतरी पोरं कशातच नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. वाद नाही, भाषण नाही. विचारलं तर खांदे उडवतात. वडील असते तर तळतळले असते. म्हणाले असते, अरे, फुकट मिळालं म्हणून काय झालं, निदान थोडं भांडा तरी!

तोंडात मात्र आम्हा सगळ्यांच्या देव. दूध उतू गेलं की मी "अरे देवा" म्हणणार, गाडीची किल्ली सापडली नाही की नवरा "देव जाणे" म्हणणार. आत्ती आतून ओरडायच्या, "हाक मारलीस काय गं? हाय का काम?" आणि स्वतःच्याच विनोदावर खुदुखुदु हसायच्या.

अशा त्या आत्ती वयाच्या ऐंशीनंतर एका सकाळी मागच्या मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात स्ट्रेचरवर पडल्यापडल्या, दुखण्यानं ओठ पांढरे पडलेले, आणि मुलाचा हात धरून सांगतायत, "देव पारोसे ठेवू नको." मी बाजूलाच उभी होते. मी म्हटलं, आत्ती, मी बघते. तर म्हणाल्या, "तू न्हाई. तू पहिल्याच दिवशी सांगितलंयस. ह्यानं कधी काही सांगितलंच न्हाई, नुसता मागं लपून राहिला. आता करू दे त्याला." नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मान हलवली त्यानं.

ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मला रडू फुटलं, आणि एक विचित्रच अडचण झाली. आभार मानावेसे वाटत होते, छातीत मावेनात इतके, पण मानायचे कुणाचे? डॉक्टरीणबाईंचे मानले. नर्सचे मानले. रक्त द्यायला धावत आलेल्या शेजारच्या अण्णांचे मानले. तरी शिल्लक राहिलेच. मानणाऱ्यांची इथं सोय असते, नारळ फोडला की मोकळे. आमच्यासारख्यांनी उरलेलं घेऊन जायचं कुठं? दोन दिवसांनी आत्ती जरा बोलायला लागल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला सांगितलंस न्हवं? मग बास की. उरलंय ते ठेव, लागतंय पुढं."

घरी आणलं तेव्हा वॉकर धरून त्यांनी पहिली धाव घेतली ती देवघराकडं. खाली बसता येणार नाही म्हणून नवऱ्यानं देव्हारा टेबलावर उचलून ठेवला होता. इतक्या दिवसांत त्यानं एकही दिवस पूजा चुकवली नव्हती. कारखान्यात यंत्रं तपासायचा तसा रोज टाक ताम्हणात काढायचा, पाणी घालायचा, पुसायचा, गंध लावायचा आणि परत बसवायचा. तोंडानं काही म्हणत नव्हता, पण मनापासून करत होता. आता आई काय म्हणते म्हणून शाळेतल्या पोरासारखा दाराशी उभा राहिला.

आत्ती चष्मा पुसून बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. जवळ गेले तर बाई हसत होत्या! हसता हसता वॉकर हलायला लागला म्हणून मी दंड धरला.

"अरे, बापाला खंडोबाच्या जागी बसवलंयस!"

खरंच की. मधोमध, हळदीच्या भंडाऱ्यात न्हाऊन, फेटा बांधलेले आमचे सासरे. आणि खंडोबा बिचारा कोपऱ्यात, पूर्वजांच्या रांगेत.

"मला वाटलं, जो सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो मुख्य असणार," नवरा म्हणाला. सासऱ्यांचा टाक सगळ्यांत नवा, तोच काय तो न झिजलेला. इंजिनिअरचं डोकं!

"एवढी काय त्यांची लायकी न्हवती रे," आत्ती डोळे पुसत म्हणाल्या. "जन्मभर त्यांना वाटत होतं, घरातला खंडोबा आपणच. तू खरं करून दाखवलंस." आम्ही तिघंही हसलो. इतकं हसलो की शेजारच्या अण्णांची बायको डोकावून गेली, सगळं सरी, म्हणजे ठीक, आहे ना म्हणून.

हसणं ओसरलं तशा आत्ती देव्हाऱ्यावर वाकल्या. टाक एकेक करून जागेवर ठेवत होत्या. सासऱ्यांना कडेला ठेवलं, त्यांच्या शेजारी थोडी जागा मोकळी होती, तिथं बोट ठेवलं. म्हणाल्या, "आणि मला कुठं बसवणार? बसवणार कोण?"

आम्ही दोघं साठीला आलेलो, आमच्यामागं एकुलती एक लेक, आणि तिघंही न मानणारे. आत्तींनी आयुष्यभर आमचं न मानणं मानून घेतलं होतं. त्याची किंमत काय आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. देवांचं काय होणार एवढाच तो प्रश्न नव्हता. त्यांना नवऱ्याशेजारी बसायचं होतं, कुणाच्या तरी घरात, रोज कुणाचं तरी बोट अंगावरून फिरेल अशा जागी. आणि ती जागा आमच्या घरात संपत आली होती.

त्यानंतर त्या तो प्रश्न परत परत काढायच्या. जेवताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. "देव कोण घेणार?" नवरा म्हणायचा, "आई, आत्ताच कशाला?" त्या म्हणायच्या, "मग केव्हा? मी गेल्यावर सांगतोस?"

शेवटी त्यांनीच सांगितलं म्हणून नवऱ्यानं पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. माझा दीर फार देवभोळा. घरी रोज जप, गुरुवारी भजन, गाडीतसुद्धा आरत्या. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. फोन स्पीकरवर होता. दीर म्हणाला, "दादा, वहिनी, तसं नाही, पण आता आमच्याकडं सगळं सात्त्विक आहे. आपल्या भवानीला दसऱ्याला मटणाचा नैवेद्य लागतो. ते टाक फार कडक असतात. काही चुकलंमाकलं तर? आमच्या गुरुजींना मागंच विचारलं होतं मी. ते म्हणाले, कुणी करणारं नसेल तर वाहत्या पाण्यात सोडायचे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन हिसकावणार होते, पण आत्तींनी हात धरला. त्या फोनजवळ वाकून शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या बापाला पण सोडू काय पाण्यात?"

मग दीर रडक्या आवाजात म्हणाला, "आई, मला भीती वाटते गं." आणि खरं सांगते, तेव्हा माझा राग उतरला. भीती वाटणाऱ्या माणसावर काय रागवायचं.

फोन ठेवल्यावर आत्ती म्हणाल्या, "लहानपणापासून भित्रा हाय तो. चुकलं तर देव काय खातोय काय?" पण त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढं काही महिन्यांनी, वॉकर सुटून हातात काठी आल्यावर, त्यांनी हट्ट धरला, नात कुठं राहते ते मला बघायचंय. येलहंक्याहून सर्जापूर रोड म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. त्यात ट्रॅफिक. आत्ती मागच्या सीटवर उशी घेऊन बसल्या आणि सबंध रस्ताभर, "एवढ्यात निपाणी आली असती," म्हणत राहिल्या.

लेकीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, एक नागपूरची, एक पुण्याची. तिघींनी आज्जी येणार म्हणून घर झाडून काढलं होतं, पण एक जागा त्यांच्या लक्षात आली नव्हती. बंगळुरातल्या प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर एक छोटी पूजेची खोली काढून देतो, लाकडी दाराला ओळीनं घंट्या. आत्तींनी ती बरोबर हेरली आणि काठीनं दार ढकललं. घंट्या किणकिणल्या. आत संगमरवरी ओट्यावर इंटरनेटचा डबा, त्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय. शेजारी सायकलचं हेल्मेट. खाली कांद्यांची पिशवी.

लेक जीभ चावून उभी. मी मनात म्हटलं, झालं, आता संपलं.

आत्ती वाकून बघत म्हणाल्या, "दिवा तर लावलाय की."

तिघी पोरी हसून लोळायच्या बाकी. मग चहा झाला. आत्ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या आणि त्यांनी चौकशी सुरू केली. नागपूरच्या मुलीला विचारलं, "तुमच्यात कुठला देव गं?" ती म्हणाली, "घरचे करतात आज्जी. मी नाही काही मानत." पुण्याची म्हणाली, "मी पण नाही." आत्ती म्हणाल्या, "म्हणजे तिघी मोकळ्या." त्यात टोमणा नव्हता, त्या नुसतं समजून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आणि अडचण आली तर कुणाला हाक मारता?"

नागपूरच्या मुलीनं पुण्याच्या मुलीकडं बोट केलं. "हिला. मला डेंग्यू झाला होता तर आठ दिवस हिनं सुट्टी काढली. आणि तुमच्या नातीनं माझं डोकं विंचरून दिलं, मला हात वर होत नव्हता तर."

आत्तींनी पाय खाली सोडले. मग नातीला म्हणाल्या, "माझे देव घेशील?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. लेकीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आज्जीकडं. माझी लेक माझ्यावरच गेलेली, तिला गुळमुळीत बोलता येत नाही. म्हणाली, "आज्जी, मी पूजा करणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणेन, पण ते खोटं होईल."

मला वाटलं हिचं तोंड दाबावं. म्हातारीला एकदा हो म्हटलं असतंस तर तुझं काय जात होतं, असं अगदी ओठांवर आलं. मीच हिला असं वाढवलं, आणि त्या क्षणी मलाच ते सोसेना.

आत्ती म्हणाल्या, "पूजा कर म्हटलं काय मी? ठेवशील काय, एवढंच विचारलं. पुसशील?"

"पुसेन. रोज नाही जमणार. रविवारी."

"त्यांच्याकडं मागशील काही?"

"काय मागायचं?"

"तेच," आत्ती म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "बघ, ही मागायची न्हाई. आणि भ्यायची पण न्हाई. माझ्या सासूनं मागितलं, मी मागितलं. हिला दहावीत मार्क पडू देत, ह्याला बढती मिळू दे, ह्यांचा बीपी उतरू दे. भंडावून सोडलं गं त्यांना. आता जरा बसू देत निवांत."

मग आवाज एकदम खाली आणून नातीला म्हणाल्या, "आणि मी गेले की मला त्यांच्याशेजारी बसवशील?"

लेकीला टाकाची ती रीत ठाऊकच नव्हती. फेटेवाले कोण, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं तिला, तिथंच, कप हातात धरून. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. उठून आज्जीच्या पायाशी खाली बसली आणि आज्जीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. "बसवेन. पण आज्जी, तुझा चेहरा तुझ्यासारखाच करून घेणार मी. आजोबांसारखा कुणाचा तरी फेटा नाही."

"चष्म्यासकट कर," आत्ती म्हणाल्या. "न्हाईतर मला दिसायचं न्हाई."

उठताना लेक म्हणाली, इंटरनेटचा डबा हलवते मी तिथून. आत्ती म्हणाल्या, "असूदे. उजेड हाय. कांदे तेवढे काढ."

परतीच्या रस्त्याला त्यांनी निपाणीचं नावसुद्धा काढलं नाही. उशीवर डोकं टेकून झोपून गेल्या, येलहंका येईपर्यंत.

त्यानंतर त्या पुरतं वर्षभरही नव्हत्या. पण त्या दिवसांत 'देव कोण घेणार' हा प्रश्न पुन्हा घरात आला नाही. दुपारी चहा पिऊन पडल्या आणि उठल्या नाहीत, इतकं सोपं करून ठेवलं आमच्यासाठी. त्यांना हवं होतं तसं सगळं केलं. पुण्याहून दीर आला, त्यानं दिवस घातले, आणि असं मन लावून केलं की मला त्याच्याबद्दल मायाच वाटली. ते आमच्याच्यानं झालं नसतं, मंत्र म्हणताना त्याचा आवाज जसा लागला तसा आमचा लागला नसता. जाताना टाकांसमोर उभा राहून तो लेकीला म्हणाला, "तू धीट आहेस बाळ." ती म्हणाली, "काका, तुम्ही पण येत जा बघायला." आणि तो येतो. सर्जापूर रोडला येऊन त्या खोलीत एकटाच डोळे मिटून बसतो, पोरी तोवर टीव्हीचा आवाज कमी करतात.

टाक करायला लेक निपाणीच्या सोनाराकडं गेली. त्यानं साचा दाखवला, डोक्यावर पदर आणि हातात कमळ घेतलेली बाई. लेकीनं फोनमधला आज्जीचा फोटो पुढं केला. सोनार म्हणाला, "बाई, टाकाला चष्मा नसतोय." लेक म्हणाली, "आमच्या आज्जीला असतोय." दोघांची चांगलीच जुंपली म्हणे. माझ्या वडिलांचं रक्त, दुसरं काय. शेवटी चष्मा आला. दोन बारीक वर्तुळं आणि मधे नाकावर आडवी रेघ, जरा खाली सरकलेली.

देव तिकडं गेल्यावर येलहंक्यातलं आमचं देवघर रिकामं झालं. सकाळी उठले की पाय आपोआप गल्लीच्या तोंडाकडं वळायचे आणि मग आठवायचं. अक्का विचारायची, "फुलं नको काय?" मी नको म्हणायची आणि पुढं जायची. न मानणाऱ्या बाईला फुलांवाचून सकाळ काढता येऊ नये, याला काय म्हणावं! तरी काही दिवस तसेच काढले.

मग एका रविवारी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. अक्काकडं गेले. दोन मोळ घेतले, शेवंतीचा एक आणि मोगऱ्याचा एक. तिनं माझ्या हातानं मोजून दिले, न सांगता.

लेकीच्या फ्लॅटवर पोचलो तेव्हा ती त्या खोलीतच होती. ओट्यावर पंचा अंथरून टाक पुसत होती, कानात गाणी, पायात मोजे. हेल्मेट अजून तिथंच होतं, कांदे नव्हते. एक टाक उचलून तिनं अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आई, हा जोतिबा. खंडोबाच्या घोड्याचा एक पाय जास्त झिजलाय." मग एकेक बसवत गेली. मधे खंडोबा. कडेला फेटेवाले आजोबा. त्यांच्या शेजारी चष्मा लावलेल्या आत्ती. इंटरनेटच्या डब्याचा हिरवा उजेड बरोबर त्यांच्या चष्म्यावर पडत होता.

त्या बाईनं मला काय काय दिलं ते मी तिथं उभी राहून आठवत होते. माझं न मानणं तिनं या घरात राहू दिलं, त्याला कोपरा दिला, त्याला जेवायला वाढलं, आणि शेवटी आपले देव त्याच्याच हातात दिले. ऑपरेशनच्या दिवशी माझ्याकडं जे आभार उरले होते, ते सगळे इथं मानावेसे वाटले.

लेक बघत होती. हळूच म्हणाली, "आई, हात जोडावेसे वाटतायत का? जोड की. आम्ही कुणी हसणार नाही."

"नको गं," मी म्हटलं. "खोटं जोडलेलं कळायचं त्यांना."

आणि पुडी सोडून उंबऱ्यावर ठेवली आणि नेहमीसारखी, जरा मोठ्यानंच, म्हटलं, "आत्ती, फुलं आणलीत."